चेल्टनहॅममध्ये जुनी माणसं कशी शोधायची (आणि आपल्या रमाबाई कुठे सापडतात)

आई-बाबा इंग्लंडला आले की तिसऱ्या वीकेंडला प्रश्न पडतोच की आता यांना कुठे न्यायचं. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज बघून बाबा म्हणाले "एवढ्या दगडांसाठी एवढं तिकीट?" आणि मग मी त्यांना चेल्टनहॅमला घेऊन गेले. तोवर मी स्वतः तिथे दोनदा गेलेले, दोन्ही वेळा कॉफी पिऊन, फुलं बघून, पांढरी घरं बघून परत, आणि घरी आल्यावर सांगण्यासारखं काहीच नाही. तिसऱ्यांदा मात्र आधी चार संध्याकाळी बसून वाचलं, आणि त्या दिवशी सहा तास चालूनही आईने "पाय दुखतात" म्हटलं नाही, ज्यांना माझी आई माहितीये त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

तर ही चेल्टनहॅमला जाऊन तिथली जुनी माणसं, म्हणजे पूर्वी तिथे राहून गेलेली, शोधायची पद्धत. पद्धत कुठल्याही इंग्लिश स्पा टाउनला (औषधी पाण्याच्या झऱ्यामुळे वाढलेल्या गावाला) चालते, पण मी चेल्टनहॅमच सांगणार, कारण तिथे एक आपलं माणूस आहे.

आधी कधी जायचं ते. मार्चमध्ये घोड्यांच्या शर्यतींचे चार दिवस असतात, तेव्हा चुकूनही जाऊ नका, हॉटेलचे रेट वेड्यासारखे वाढतात आणि रस्त्यावर सगळे ट्वीडचे कोट घालून दुपारपासून झिंगलेले. बाकी वर्षभर बरं. लंडनहून पॅडिंग्टनवरून ट्रेन, साधारण दोन तास, काही डायरेक्ट असतात तर काही वेळा मध्ये बदलावी लागते. स्टेशन गावापासून दीडेक किलोमीटर बाहेर आहे, हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं आणि मी हील्स घालून गेले होते, असो. चांगले बूट घाला, म्हातारी माणसं बरोबर असतील तर बस किंवा टॅक्सी करा.

आता मुख्य गोष्ट. स्पा टाउन वाचायला सुरुवात पाण्यापासून करायची, बिल्डिंगांपासून नाही. पाणी कुठे निघालं, ते कोणी विकलं, ते प्यायला कोण आलं आणि आलेल्यांपैकी कोण तिथेच राहून गेलं, हे चार प्रश्न डोक्यात ठेवा, बाकी सगळं आपोआप लागत जातं.

पाणी निघालं १७१६ मध्ये, एका शेतात. गोष्ट अशी सांगतात की कबुतरं तिथे येऊन जमिनीवरचे मिठाचे कण टिपायची आणि तब्येतीने टुमटुमीत दिसायची, म्हणून लोकांनी बघितलं तर झरा. खरं खोटं देव जाणे, पण कबुतर आजही गावाच्या अधिकृत चिन्हात आहे, म्हणून फिरताना कबुतर शोधत राहा, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्या, गप्प बसतात.

पाणी विकलं हेन्री स्किलिकॉर्नने. हा मूळचा आइल ऑफ मॅनचा, ब्रिस्टलच्या व्यापारी जहाजांवर कॅप्टन, शेताच्या मालकाच्या मुलीशी लग्न झालेलं. १७३८ मध्ये तो इथे राहायला आला, विहीर खोल केली, वर छप्पर टाकलं, गावापासून विहिरीपर्यंत झाडं लावून फिरायला रस्ता केला. म्हणजे जावईबापूंनी सासऱ्याच्या शेतात निघालेल्या खारट पाण्याचा धंदा उभा केला असं समजा. त्याचा स्मृतिलेख गावातल्या सगळ्यात जुन्या चर्चमध्ये, सेंट मेरीजमध्ये आहे, त्याला आता चेल्टनहॅम मिन्स्टर म्हणतात. दिवसाची सुरुवात इथूनच करा. लेख इतका लांबलचक आहे की वाचता वाचता मान दुखते, कुठे जन्मला, कुठे कुठे जहाज नेलं, स्वभाव कसा, सगळं कोरलंय. बाबांनी पूर्ण वाचला आणि म्हणाले "याचा मुलगा शिलालेखाचे पैसे अक्षरावर देत नसणार."

चर्चमधून बाहेर पडलं की जवळच वेल वॉक नावाची एक छोटीशी गल्ली आहे. स्किलिकॉर्नच्या त्या फिरायच्या रस्त्याची आता ही एवढीशी शेपटी उरलीये. मोबाइलवर जुना नकाशा उघडायची जागा हीच. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर पूर्ण ब्रिटनचे जुने सर्व्हे नकाशे फुकट आहेत, आजच्या नकाशावर जुना ठेवून पारदर्शक करता येतो, त्यात तुमचा निळा ठिपका कुठे चाललाय ते बघत चाला. मला तर हा प्रकार इतका आवडला की आता कुठल्याही गावात गेलं की मी आधी तेच उघडते आणि नवरा वैतागतो.

मग पाणी प्यायला कोण आलं? १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज स्वतः आला, पाच आठवडे राहिला. पोटाच्या तक्रारी होत्या. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला वेडाचा तो प्रसिद्ध झटका आला, म्हणजे पाण्याचा उपयोग काय झाला ते तुम्हीच ठरवा, पण गावाची जाहिरात झाली ती झालीच. १८०१ मध्ये इथली वस्ती सुमारे ३ हजार होती, १८५१ मध्ये ती ३५ हजारांवर गेली. आपल्याकडे एखाद्या खेड्यात बाबा प्रकटतात आणि दहा वर्षांत तिथे लॉज, हॉटेलं, पार्किंग होतं ना, तसंच, फक्त इथे बाबांच्या जागी मॅग्नेशियम आणि सोडियमची सल्फेटं होती. पाण्याचा मुख्य गुण काय तर जुलाब. हे कोणी पोस्टकार्डावर छापत नाही.

आणि राहून कोण गेलं, हा आपल्यासाठी सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. हिंदुस्थानात नोकरी करून लिव्हर आणि पोट बिघडवून घेतलेले ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी इथे यायचे. पाणी प्यायचं, पेन्शन खायची, मुलांना शाळेत घालायचं, संध्याकाळी क्लबात बसून पूना आणि मद्रासच्या गप्पा हाणायच्या. १८२६ मध्ये विल्यम कॉबेट नावाचा पत्रकार इथून गेला, त्याने तर सरळ लिहिलं की हे ईस्ट इंडियातल्या लुटारूंचं आणि वेस्ट इंडिजमध्ये चाबूक चालवणाऱ्यांचं गाव आहे. १८४१ मध्ये चेल्टनहॅम कॉलेज म्हणून मुलांची शाळा निघाली, तिथे हिंदुस्थानी भाषा शिकवायला मास्तर होता, कॅप्टन गॉर्डन, हिंदुस्थानात घोडदळात होता तो, आणि त्याचा मुलगा अॅडम लिंडसे गॉर्डन पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन मोठा कवी झाला. कुठल्या शाळेत कुठली भाषा शिकवतात यावरून गावातल्या बापांच्या नोकऱ्या कळतात, ही युक्ती मला फार उशिरा सुचली.

आपल्या इतिहासाशी थेट भिडणारी दोन नावं घ्यायची तर पहिला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१६ मध्ये, वॉटर्लूच्या पुढच्याच वर्षी, तो इथे पाणी प्यायला आला आणि हाय स्ट्रीटवरच्या असेंब्ली रूम्सचं उद्घाटन केलं, ती इमारत आता नाही. पण हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. बाबांचं आजोळ भोकरदनकडचं, त्यामुळे त्यांना हाय स्ट्रीटवरच्या गर्दीत मध्येच थांबून असईची लढाई कशी झाली ते सांगायचंच होतं, कैलना नदीसकट, आणि त्यांनी सांगितली, माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. दुसरा लॉर्ड एलेनबरो, गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात डिसेंबर १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज महाराजपूर आणि पनियारला हरली. तो नंतर गावाबाहेर साउथमला राहायचा, तिथेच १८७१ मध्ये वारला. त्याच्या घराचं आता महागडं हॉटेल झालंय, नावही त्याचंच. आम्ही गेलो नाही, चहाचा दर ऑनलाइन बघितला आणि ठरवलं की शिंद्यांचा अपमान एकदा झाला तेवढा पुरे.

बरं, आता वेल वॉकवरून रॉयल वेलच्या बाजूने पुढे जा, दहा मिनिटांत एक भलीमोठी गॉथिक वाटणारी दगडी शाळा लागेल. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज. इथे वेळ काढा, घाई करू नका. ही शाळा १८५० च्या दशकात गावात दुसरीकडे सुरू झाली, १८७३ मध्ये या जागेवर आली, आणि ही जागा म्हणजे स्किलिकॉर्नच्या मूळ विहिरीचीच जागा. पाण्याची फॅशन उतरली, विहिरीवर मुलींची शाळा उभी राहिली. गावाच्या ब्रीदवाक्याचा अर्थच आरोग्य आणि शिक्षण असा आहे, तो या एका प्लॉटवर उभा आहे.

मुख्याध्यापिका डोरोथिया बील, १८५८ पासून १९०६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं. मुलींना गणित आणि शास्त्र शिकवलं तर त्यांचं डोकं फिरेल असं म्हणणारे आईबाप ज्या काळात होते त्या काळात या बाईने ते शिकवलं. आणि १८८४ मध्ये तिच्या शाळेत आल्या आपल्या पंडिता रमाबाई.

मला हे माहीतच नव्हतं. शाळेत आपल्याला रमाबाई म्हणजे केडगाव, मुक्ती मिशन, शारदा सदन एवढंच शिकवलं, मध्ये एक ओळ "त्या इंग्लंडला गेल्या" आणि संपलं. तर झालं असं की १८८२ मध्ये नवरा गेला, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला आल्या, डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेजला ख्रिस्ती सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, त्यावरून पुण्यात जो गदारोळ झाला तो आपल्याला ठाऊक आहे. मग चेल्टनहॅम. इथे त्या एकाच वेळी शिक्षिकाही होत्या आणि विद्यार्थिनीही, संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी साहित्य शिकायच्या.

आणि इथेच तो किस्सा घडला जो मी आईला फाटकासमोर उभं राहून सांगितला. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, हिंदुस्थानात नोकरीला जाणारी मुलं वगैरे. तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं की छे छे, बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिची अब्रू राहणार नाही. रमाबाई भडकल्या. त्यांनी उलट लिहिलं की माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि हरकत घेतायत कोण तर इंग्रज! म्हणजे एक कोकणस्थ विधवा, परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी, आणि बिशपांना ठणकावते. आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "अनंतशास्त्र्यांची मुलगी ना ती, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना जंगलात राहायला लावलं." हे मला माहीत नव्हतं, आईला होतं.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई इथून अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा डॉक्टर झाल्याचा समारंभ ११ मार्चला फिलाडेल्फियात होता त्यासाठी. आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तारीख मुद्दाम ठेवली की योगायोग, मला माहीत नाही, पण डोक्यात राहिली.

एक सूचना: ही चालू शाळा आहे, मुली शिकतात तिथे, त्यामुळे आत घुसायचा प्रयत्न करू नका, फोटोत मुली येणार नाहीत हे बघा. रस्त्यावरून इमारत छान दिसते, तेवढं पुरतं.

आता शोधायची पद्धत नीट सांगते, कारण रमाबाई हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये कुठल्या घरात कोण राहत होतं हे बघायला सगळे आधी जनगणनेकडे धावतात. १८४१ पासून दर दहा वर्षांनी नावानिशी यादी आहे, नाव, वय, धंदा, नोकरचाकर सगळं, नेमकं जन्मगाव मात्र १८५१ पासून (१९३१ ची आगीत जळाली, ती शोधत बसू नका). पण रमाबाई आल्या १८८३ ला आणि गेल्या १८८६ ला, म्हणजे १८८१ आणि १८९१ च्या मधल्या फटीत. जनगणनेत त्या सापडणारच नाहीत, कितीही शोधा. मी एक पूर्ण रविवार त्यात घालवला आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. अशा माणसांसाठी पत्रं आणि पेपर बघायचे. रमाबाईंची इंग्लंडमधली पत्रं १९७७ मध्ये आपल्याच महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापलीत, इंग्रजीत, मोठ्या लायब्ररीत मिळतात. पेपरांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह आहे, पैसे लागतात पण इथल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत कार्ड असेल तर फुकट बसून बघता येतं. चेल्टनहॅममध्ये लुकर-ऑन नावाचं साप्ताहिक १८३३ पासून निघायचं, त्यात गावात कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे पार्टी झाली अशा याद्याच असायच्या, म्हणजे त्या काळचं स्टेटस अपडेट. स्पा टाउनच्या संशोधनात या "आले-गेले" याद्यांइतकं दुसरं काही कामाचं नाही.

सर्च करताना मात्र स्पेलिंगचा खेळ आहे. पंडिताच्या जागी "पुंडिता" टाकून बघा. मराठ्यांचं "महारट्टा", पुण्याचं "पूना", खडकीचं "किर्की", असईचं "असाये", गाविलगडाचं "गॉविलघर", इंग्रजांनी आपल्या गावांची जी वाट लावली ती सगळी लिहून एक यादी बनवा आणि एकेक टाकत जा. चर्चच्या भिंतीवरच्या फरशांवरही हीच नावं डोळ्यांनी शोधायची. अजून एक खूण म्हणजे मेडल. १८५१ मध्ये इंग्रजांनी जुन्या हिंदुस्थानी लढायांचं एक मेडल काढलं, १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी, पण जे तोवर जिवंत होते त्यांनाच, आणि रिबनवर लढाईच्या नावाची पट्टी. त्यात असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव या सगळ्यांच्या पट्ट्या आहेत. म्हणजे एखाद्या पेन्शनर कर्नलच्या मेडलवर कुठली पट्टी आहे ते कळलं की तो त्या दिवशी आपल्या पणजोबांच्या खापरपणजोबांच्या समोर उभा होता की नाही ते कळतं.

कंपनीच्या माणसांचे बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, मृत्युपत्रं यांसाठी फिबिस म्हणून एका संस्थेचा डेटाबेस आहे, शोधायला फुकट. कॉबेट ज्यांना चाबूकवाले म्हणाला त्यांच्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा गुलामगिरीचा डेटाबेस बघा. गुलामगिरी बंद केली तेव्हा ब्रिटिश सरकारने २ कोटी पाउंड भरपाई दिली, गुलामांना नाही, मालकांना, आणि कोणाला किती मिळाली ते तिथे नावानिशी आहे. पत्त्यात चेल्टनहॅम टाकलं की नावं येत राहतात. पांढऱ्या सुंदर घरांकडे बघताना त्यानंतर थोडं वेगळं वाटतं, हे सांगून ठेवते.

आणि घर नंबरांवर विश्वास ठेवू नका! इथे आधी बिल्डर एका ओळीला स्वतःचं नाव द्यायचा, अमुक टेरेस, तमुक प्लेस, आणि नंतर नगरपालिका आख्ख्या रस्त्याला एकच नाव देऊन टाकायची. संगीतकार गुस्ताव होल्स्ट २१ सप्टेंबर १८७४ ला ४ पिटव्हिल टेरेसमध्ये जन्मला, तो पत्ता आज शोधलात तर भटकत राहाल, कारण त्याचं आता ४ क्लॅरेन्स रोड झालंय. आधी जुना नकाशा, मग जुनी ट्रेड डिरेक्टरी, म्हणजे गावातल्या लोकांची आणि दुकानदारांची पत्त्यांसकट छापील यादी (लेस्टर युनिव्हर्सिटीने स्कॅन करून फुकट ठेवल्यात), मग आजचा नंबर, या क्रमाने जा.

परत रस्त्यावर येऊ. लेडीज कॉलेजच्या जवळच्या भागात एडवर्ड जेनर राहायचा. हो, तोच, देवीच्या लशीचा. लस त्याने १७९६ मध्ये बर्कलीला पहिल्यांदा टोचली, पण तो वीसेक वर्षं सीझनला चेल्टनहॅममध्ये प्रॅक्टिस करायचा कारण श्रीमंत पेशंट इथे होते, आणि गरिबांना लस फुकट टोचायचा. त्याची लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी दंडावरून दंडावर टोचत टोचत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ ला मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली. तिच्या दंडावरून मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. मी हे सांगत होते तर आईने बाही वर करून दंडावरचा तो गोल व्रण बघितला. आमच्या पिढीला नाही तो व्रण, तिच्या पिढीत सगळ्यांना आहे. बाबांनी पण शर्टाची बाही वर केली. दोघं फुटपाथवर दंड दाखवत उभे, एक बाई कुत्रा घेऊन जाता जाता थांबून बघायला लागली.

तिथून जवळच सेंट जेम्स स्क्वेअर, १० नंबरला कवी टेनिसन १८४६ ते १८५० राहायचा, निळी पाटी आहे, बघा आणि पुढे चला. निळ्या पाट्यांबद्दल एवढंच की त्या गावाने कोणाला आठवायचं ठरवलं ते सांगतात, राहणाऱ्या सगळ्यांना नाही.

एक माणूस मात्र मला टेनिसनपेक्षा जास्त आवडला. जॉर्ज जेकब होलियोक. मे १८४२ मध्ये इथल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये भाषण द्यायला आला, भाषण गरिबांच्या वसाहतींबद्दल होतं, शेवटी एकाने विचारलं की यात देवाचं काय, तर हा म्हणाला की लोक इतके गरीब आहेत की त्यांना देव परवडत नाही, देवाला अर्ध्या पगारावर ठेवा. झालं, ईश्वरनिंदेचा खटला, सहा महिने ग्लॉस्टरच्या तुरुंगात, आणि तो आत असताना त्याची लहान मुलगी गेली. याच माणसाने पुढे १८५१ मध्ये "सेक्युलरिझम" हा शब्द काढला. ज्या शब्दावरून आपल्याकडे रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर भांडणं होतात त्याचा एक धागा या जुलाबाच्या पाण्याच्या गावातून जातो. त्या वेळी गावात फ्रान्सिस क्लोज नावाच्या पाद्र्याचं राज्य होतं, शर्यती नको, नाटक नको, त्यामुळे होलियोकचं काय झालं त्यात नवल नाही. १८३० मध्ये इथल्या रेसकोर्सचा स्टँडच जळाला होता.

मग प्रोमेनेडवर या. इथे जेवा, बाकं भरपूर आहेत, आम्ही घरून थालीपीठं नेली होती. डॉक्टर एडवर्ड विल्सनचा पुतळा आहे, दक्षिण ध्रुवावरून परतताना मार्च १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉटबरोबर तंबूत गेला तो. पुतळा केला कॅथलीन स्कॉटने, म्हणजे त्याच तंबूत मेलेल्या कॅप्टनच्या बायकोने. हे माहीत असलं की पुतळ्यापुढे जरा वेळ उभं राहवतं. तो जन्मला ते ९१ माँटपेलिअर टेरेस वर चालत गेलं की लागतं. वाटेत माँटपेलिअरमध्ये दुकानांच्या मधे मधे ग्रीक बायकांचे पुतळे खांब म्हणून उभे आहेत आणि घुमट असलेला रोटंडा आहे, जिथे पूर्वी पाणी मिळायचं आणि आता लोक ब्रंच खातात. ब्रायन जोन्स, रोलिंग स्टोन्स काढणारा, तोही इथलाच, कबर गावाच्या स्मशानभूमीत आहे, फॅन असाल तर जा, बाबा-आईंना घेऊन नको.

पण होल्स्ट सोडू नका. क्लॅरेन्स रोडवरच्या त्याच्या जन्मघराचं म्युझियम आहे, छोटंसं, सगळे दिवस उघडं नसतं म्हणून आधी साइटवर वेळ बघून जा. आत त्याचा पियानो आहे. लोकांना तो "द प्लॅनेट्स"मुळे माहीत, पण आपल्यासाठी मजा अशी की हा माणूस तिशीत नसतानाच संस्कृत शिकायला लागला कारण इंग्रजी भाषांतरं त्याला पटेनात. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या, मेघदूतावर रचना केली, आणि "सावित्री" नावाचा ऑपेरा लिहिला, फक्त तीन पात्रं, सावित्री, सत्यवान आणि यम. लिहिला १९०८ मध्ये, झाला १९१६ मध्ये. आम्ही ट्रेनमध्ये इयरफोन वाटून ऐकला. आई म्हणाली, "यमाचा आवाज छान आहे, पण सत्यवान लाकडं तोडणारा वाटत नाही." ती दर वर्षी वडाला जाते, तिला बोलायचा हक्क आहे.

शेवटी पिटव्हिल पंप रूम. म्युझियमपासून बागेतून तळ्याच्या काठाने चालत जा, वीसेक मिनिटं, चढ अगदी थोडा. जोसेफ पिट नावाच्या माणसाने इथे स्वतःचं वेगळं गावच वसवायचा घाट घातला, १८२५ मध्ये पाया, १८३० मध्ये उद्घाटन, आणि तोवर पाण्याची क्रेझ उतरणीला लागलेली. प्लॉट विकले गेले नाहीत आणि पिट १८४२ मध्ये डोक्यावर डोंगराएवढं कर्ज ठेवून मेला. बिल्डरचं हे असं आपल्याकडेही बघितलंय आपण. पण घुमटाखालची ती खोली मात्र अप्रतिम आहे. लग्नं वगैरे असतात तिथे, त्यामुळे हॉल उघडा आहे का ते आधी बघा, आणि पाण्याचा नळ चालू असेलच असं नाही.

आम्ही गेलो तेव्हा चालू होता. बाबांनी वास घेऊन ग्लास खाली ठेवला. आईने मात्र घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाली, "अगं हे तर एरंडेलाची खारट बहीण आहे." मग दुसरा घोट घेतला. मी म्हटलं आई पुरे, अजून दोन तास ट्रेन आहे. म्हणून सांगते, पाणी प्यायचंच असेल तर एक घोट, आणि पंप रूममधलं टॉयलेट निघायच्या आधी वापरून घ्या.